आखडती सळई

११ जानेवारी २०००

सळई आखडली! दोनदा बघितलं. मग चष्मा पुसून परत बघितलं. आखडलीच आहे.

आमच्या कारखान्यात निकेल-क्रोमियमचा खास धातू ओततात. लाल होईस्तोवर तापला तरी ताणाला हार न जाणारा, वीजघरातल्या वाफेच्या यंत्रांसाठी. प्रत्येक घाण्यातली एक सळई मागच्या खोलीत छोट्या भट्टीत टांगायची, खाली वजन अडकवायचं, आणि किती लांबते ते बघत बसायचं. महिनेच्या महिने. बघत बसायचं काम माझं. घाणा हा इब्राहीमचाचांचा शब्द — भट्टी त्यांची, भज्यांचा असावा तसा धातूचाही घाणाच म्हणतात. आणि त्या खोलीला सगळे कामगार म्हणतात फाशीखोली. मेल्यांना दुसरं नाव सुचलं नाही!

केसभर लांबते, पण लांबतेच. आजवर सगळ्या लांबल्या. खाली वजन टांगलंय तर वर चढेल कशी?

कारखान्याच्या सरांना दाखवलं, तर म्हणाले, "लांबी मोजायचा डायल बिघडलाय. बदला."

१५ जानेवारी

डायल बदलला. नवा कोरा. तरी तेच.

संक्रांत म्हणून रतनबाईला तिळगूळ द्यायला गेले, तर ती केरसुणी घेऊन दारातच उभी. आत झाडणार नाही म्हणे. "बाई, ते वजन वर चढतंय. खालनं कुनीतरी उचलतंय." मी चांगलीच तासली तिला. शिकलेल्या बाईनं ऐकून घ्यायचं का असलं?

ती गेल्यावर मी एकटीच आत उभी राहिले. दुपारचं ऊन खिडकीतून आत आलेलं, बाहेर टेम्पो मागं घेताना कोणीतरी ओरडतोय, सगळं नेहमीचं. आणि मी वाकून वजनाच्या खाली हात फिरवला. कशासाठी फिरवला, देवाला ठाऊक. काही नव्हतं. हात मात्र घरी येईपर्यंत गार होता.

१८ जानेवारी

सापडलं! कॉलेजच्या जुन्या पुस्तकात दोनच ओळी. हा धातू एका ठरावीक उष्णतेत बरेच दिवस राहिला, की आतले कण सरकून सरकून नीट बसतात. भरल्या एसटीत माणसं सरकून बसतात ना, तशी. कमी जागेत मावतात. म्हणून सळई आखडते. भूत नाही, काही नाही. एवढं हलकं वाटलं की चाचांकडे जाऊन चहा मागितला. ते म्हणाले, "आज सूर्य कुठनं उगवला गं पोरी?"

चहा पिता पिता लक्षात आलं. कप तसाच ठेवला.

त्याच घाण्याचे बोल्ट गेलेत. कोकणातल्या वीजघरात, यंत्राचं झाकण दाबून धरायला. भाद्रपदात बसवले, तेव्हापासून यंत्र तापलेलंच आहे. बोल्ट मुळात पिळून ताणलेला, दोन्ही बाजूंनी अडकलेला. तो आखडला तर जाणार कुठं? आपला आपणच घट्ट होत जाणार. तुटेपर्यंत.

आणि वर मेंगाईचा आटा! आमची फिटर टोळी, मूळ वेल्ह्याच्या कोंडिबा मिस्त्रीनं बांधलेली. त्यांची रीत अशी, की कागदावर लिहिलंय तेवढं पिळून झालं, की नारळ फोडायचा आणि टोळीतल्या मोठ्यानं प्रत्येक बोल्टाला देवीच्या नावानं अजून थोडं पिळायचं. माप कंपनीचं, वरचं मेंगाईचं. कोंडिबा गेले. आता टोळीत मोठे सोमनाथ. आमचे हे.

ते तिथंच आहेत. त्या यंत्रापाशी.

१९ जानेवारी

सरांपुढं पुस्तक उघडून ठेवलं. न वाचताच मिटलं त्यांनी. "एका सळईवरून गिऱ्हाइकाला कळवू? उद्या आपल्या भट्टीत कोणी शेंगा तरी भाजेल का?" मी म्हटलं, दुसरी टांगते. "टांगा की. टांगायलाच ठेवलंय तुम्हाला."

असा राग आला! टांगली.

२५ जानेवारी

दुसरीही.

आज दुपारी वीज गेली. भट्ट्या निवायला लागल्या, खोलीत अगदी शांत. आणि सळई वाजली. टिक्. मग दुसरी. टिक्. एकीनं बोलावं आणि दुसरीनं ओ द्यावी तसं चालू झालं. निवताना धातू वाजतो, हे मलाही कळतं. तरी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

संध्याकाळी नसरापूरला फोनच्या दुकानात थांबून ह्यांना फोन लावला. नुसतं विचारलं, बोल्ट कसे आहेत? हसायला लागले. "नवऱ्याचं सोडून बोल्टाची खुशाली इचारतीस व्हय?" मग म्हणाले, "लई घट्ट बसलेत बघ. मेंगाईची कृपा. पन हल्ली वाजत्यात. नखानं टिचकी मारावी तसं."

यंत्र कधी थांबवणार, ते विचारलं.

पुढच्या महिन्यात यंत्र सफाईसाठी थंड करायचंय. झाकण खोलायचं, पाना हेच धरणार. निवताना धातू आणखी आखडतो, तेव्हाच तर तुटणार ते! म्हटलं, तुम्ही पाना धरू नका. गॅसनं कापा म्हणावं. "कापू? नवे कोरे बोल्ट? खुळी का काय तू!"

२९ जानेवारी

खोटं बोलले. फोन करून सांगितलं, आत्याबाई गोठ्यात पडल्या, लगेच या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, तिथंच चुलीपाशी भाकरी थापत ऐकत होत्या. घरी फोन नाही, शेजारच्या साळूबाईचा फोन माजघरातून आमच्या दारापर्यंत ओढून घेतलेला! म्हणाल्या, "म्या पडले म्हनं. कुठं पडले, कंबर का पाय, ते तरी सांगून ठेव. इचारंल त्यो." मग त्यांना का पाडलं ते सांगितलं. भाकरी तव्यावर करपली. उठल्या आणि पायाला फडकं गुंडाळून पडून राहिल्या.

३१ जानेवारी

आले! दाढी वाढलेली, अंगाला तेलाचा वास. आईचा पाय मांडीवर घेऊन बसले. आत्याबाई कण्हल्या सुद्धा. मी आत जाऊन तोंडात पदर घालून रडले. आनंदानं.

२ फेब्रुवारी

ह्यांच्या जागी कोण जाईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नाही, खोटं कशाला लिहू? आलं होतं. पण कोणीतरी, नाव नसलेलं.

आज इब्राहीमचाचा भोरहून बालुशाही घेऊन आले. अजहरला पाठवलंय कोकणात. त्यांचा पोरगा, लग्नाला वर्ष नाही झालं. "सोमनाथची जागा दिली त्याला! एवढं मोठं यंत्र, आनि पाना माझ्या अजहरच्या हातात. तुमच्यामुळं झालं, पोरी." स्वतःच्या हातानं मला भरवली.

खाल्ली मी. 

४ फेब्रुवारी

सगळं सांगितलं चाचांना. भट्टीच्या मागं, उभ्या उभ्या. सळया, पुस्तक, आटा, माझं खोटं, सगळं.

ते शिव्या देतील वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. डोक्याचा रुमाल सोडून हातात घेतला त्यांनी. मग म्हणाले, "त्यो घाना म्या ओतलाय. रोजा होता माजा, बिस्मिल्ला म्हनून वतलाय. माज्या पोराला माजाच माल मारंल व्हय?"

हात जोडले मी. म्हटलं, चाचा, माल चांगला आहे, लई चांगला आहे, पण तो आखडतो. अजहरला बोलवून घ्या. "न्हाई बोलवनार. बापाच्या मालाला भिऊन पळाला म्हनतील." पाठ फिरवली आणि भट्टीत बघत बसले. भट्टी बंद होती.

५ फेब्रुवारी

काल रात्री ह्यांना कळलं. मीच सांगितलं. चाचांचं तोंड बघितल्यावर राहवेना.

आजवर कधी आवाज चढवला नव्हता ह्यांनी. काल ताटच भिरकावलं. "आईला पाडलीस, मला पळवलंस, आन् चाचाचं पोर पुढं केलंस? मी तोंड कुठं दाखवू?" मी म्हटलं, मला तुम्ही हवे होता! अजून काय सांगू? मला तुम्ही हवे होता. ताट उचलून मोरीत ठेवलं त्यांनी. मग म्हणाले, "आटा म्या दिलाय. पोरानं का सोडवायचा?"

आज पहिल्या एसटीनं निघाले. थांबा म्हणायचं तोंड राहिलं नव्हतं मला. एवढंच बोलले, पाना लावू नका, गॅसनं कापा. मान हलवली. भाटघरच्या बाजूनं धुकं आलेलं, गाडी वळणापर्यंतही दिसली नाही. नुसता आवाज गेला.

६ फेब्रुवारी

पोचल्याचा फोन नाही.

७ फेब्रुवारी

फोन आला! बोलले. आवाज नेहमीचा. वीजघरवाले गॅसनं कापू देत नाहीत, साहेबाची सही पाहिजे म्हणे. यंत्र निवायला ठेवलंय. "तू नको काळजी करू. जेवलीस का?" म्हटलं, जेवले. जेवले नव्हते.

मागून टिचक्या ऐकू येत होत्या. मी विचारलं, ते काय वाजतंय? म्हणाले, "कुठं काय?"

सकाळी फाशीखोलीत पहिली सळई तुटून पडलेली होती. मोजली. तुटली, पण टांगली तेव्हापेक्षा तोकडीच होती. दोन्ही तुकडे सरांच्या टेबलावर नेऊन ठेवले. ह्या वेळी थट्टा केली नाही. वीजघराला फोन लावून देतो म्हणाले. लागला नाही.

८ फेब्रुवारी

ऑफिसात फोन आला. अजहरचा. "वैनी, दादांनी मला भायेर धाडलं. म्हनले, जा, बापाला फोन कर, सुखरूप हाय म्हनून सांग. म्या भायेर आलो आन् मागं बोल्ट उडाले. दादा आतच—" मी रिसीव्हर खाली ठेवला.

चाचा भट्टी सोडून दाराशी आले होते. विचारलं, "कुनाचा गं? पोरगा बरा हाय ना माजा?"

बरा आहे, म्हटलं.