ट्रंकेवरचं नाव

रवि., १२ मार्च २००६

लॉफ्टमध्ये ट्रंक नाही.
पातळ पांघरुणं काढायला चढले, तर तिच्या जागी कचऱ्याच्या दोन काळ्या बिन बॅगा. त्यात माझ्या साड्या, मेघाचे लहानपणचे फ्रॉक, सगळं कोंबलेलं. खाली आले. अरविंद पेपर वाचत बसले होते.
"अहो, ट्रंक कुठंय?"
"म्युझियमला दिली. सांगितलं होतं की तुला."
नाही सांगितलं. नवरा-बायको एका घरात राहतात, म्हणून एकमेकांच्या वस्तू परस्पर देऊन टाकायच्या?
"गंजत पडली होती. तिथे चार लोक बघतील तरी."
वर माझ्याकडे असं बघितलं, जसे काही मी आभारच मानायला पाहिजेत. पोळ्या करपल्या. करपू देत.

सोम., १३ मार्च

म्युझियम म्हणजे शेजारच्या गावातली बंद पडलेली शाळा. दोन वर्ग आणि एक शेड. दुधाचे कॅन, विटांचे साचे, लेस विणायच्या लाकडी काड्या, कुणाच्या तरी आजोबांचे बूट. शनि-रवि उघडं. रिटायर झाल्यापासून अ. तिथेच पडलेले असतात. (पूर्ण नाव लिहायची आज इच्छा नाही.) ड्राफ्ट्समनचं वळणदार अक्षर, त्यामुळे सगळी लेबलं हेच लिहितात. तिथली सेक्रेटरी पॉलिन, "अर्विन, यू आर अ ट्रेझर" म्हणते. घरात कपबशी विसळत नाही हा ट्रेझर.

गुरु., १६ मार्च

मेघाचा बर्मिंगहॅमहून फोन. बँकेतून निघाली होती, ट्रेनमध्ये होती, मधूनमधून आवाज तुटत होता. सांगितलं.
"पण आई, तो ट्रंक तर तुझा होता. बाबांचा कसा असेल?"
तेहतीस वर्षांची झाली, अजून 'ती ट्रंक' म्हणता येत नाही. पण कोणाची ते कळतं.

शनि., १८ मार्च

अ. ना न सांगता गेले. दोनदा राउंडअबाउट चुकले.
शेडमध्ये नवा कोपरा केलाय, बाहेरून इथे राहायला आलेल्यांचा. मधोमध माझी ट्रंक. काळाकुळकुळीत ऑइलपेंट मारलेला, बुटासारखी चकाकतेय. झाकणावरचं माझं माहेरचं नाव गेलं. मिस के. डी. जगताप, बॉम्बे टु बर्मिंगहॅम. मिरजेला आमच्या हॉस्पिटलात खाटांवर नंबर घालायला पेंटर यायचा, त्याने घातलेलं. 'जगताप'मधला जी उलटा काढला होता त्याने, परत पुसून नीट केला होता.
भिंतीवर बोर्ड, अ. च्या अक्षरात. १९७० साली श्री. अरविंद साळुंखे नोकरीसाठी भारतातून इंग्लंडला आले, तेव्हा त्यांचा सगळा संसार या ट्रंकेत होता. त्यांच्यासोबत त्यांच्या पत्नीही आल्या.
पत्नीही. 'ही'!
मी १९६६ ला आले. बोटीने, एकटी, बावीस वर्षांची. चार वर्षं नर्स म्हणून राबले, मग सुट्टीवर गावी गेले तेव्हा लग्न झालं. अ. माझ्या मागून आले, माझ्या व्हिसाच्या जोरावर, विमानाने, त्यांच्या मामांची सूटकेस घेऊन. ट्रंक तेव्हा बर्मिंगहॅमला माझ्या खाटेखाली होती. त्या माणसाने ती आयुष्यात कधी उचलली नाही. लॉफ्टमधून खाली आणली, तेवढंच.
दारात पॉलिन म्हणाली, "तुम्हाला किती अभिमान वाटत असेल!" मी म्हटलं, "नो." तिला वाटलं मी थट्टा करते आहे.

रवि., १९ मार्च

भांडण. पुरं भांडण. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.
"गंज घासताना नाव गेलं. मुद्दाम केलं का मी?"
"आणि बोर्ड? तोही गंजला होता?"
म्हणाले, "अगं, आपण सगळ्यांना हेच सांगत आलो. तूच सांगत आलीस."
हे मात्र खरं, आणि म्हणूनच डोकं जास्त फिरलं.
लग्न ठरलं तेव्हा मामंजींची अट होती. सून नर्स आहे हे कराडात, घरच्यांनासुद्धा, कळता कामा नये, आणि मुलगा बायकोच्या जिवावर परदेशी गेला हे तर मुळीच नाही. म्हणून 'मुलाला विलायतेत नोकरी लागली, सून हॉस्पिटलच्या ऑफिसात कारकून'. इथे आल्यावर चौदा महिने ह्यांना काम नव्हतं. खिडकीशी बसून असायचे. घरी पत्र लिहायला हात उचलत नसे, "काय लिहू?" म्हणायचे. मग मीच लिहायची. ड्यूटीवरून आल्यावर, पाय गरम पाण्यात सोडून. 'ती. बाबांस सा. न. आज ऑफिसात साहेबांनी माझं ड्रॉइंग वाखाणलं.' खाली सही ह्यांची.
दया आली होती म्हणून लिहिलं. चांगला होता तेव्हा. नोकरी मिळाली त्या दिवशी माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला होता. पुढे हळूहळू पत्रातलंच खरं वाटायला लागलं त्याला. आणि मी दुरुस्त केलं नाही. लोकांसमोर 'मी हिला घेऊन आलो' म्हणायचे, मी सामोसे वाढत असायची.

मंगळ., २१ मार्च

पॉलिनला फोन केला. सगळं सांगितलं. बराच वेळ 'ओ डिअर, ओ डिअर'. मग नियम. देणगीच्या कागदावर सही मि. साळुंखेंची आहे. त्यामुळे वस्तू आता म्युझियमची. माहिती बदलायची तर दात्याची संमती लागते.
"पण ट्रंक माझी आहे."
"आय डू सी दॅट. पण दाता ते आहेत."
वॉर्ड सिस्टर होते मी सतरा वर्षं. मोठमोठ्या सर्जनांना चुकीच्या पायावर खूण केली म्हणून थांबवलंय. आणि आता माझ्याच ट्रंकेसाठी नवऱ्याची सही आणू?

शनि., १ एप्रिल

म्युझियममध्ये दुपारी 'वस्तूंच्या गोष्टी'. पहिली गोष्ट अ. ची. मला 'नको येऊस' म्हणाले, म्हणून गेले.
फोल्डिंगच्या खुर्च्यांवर आठ-नऊ माणसं, बहुतेक म्हातारी. अ. टाय लावून ट्रंकेशेजारी उभे. बोट, समुद्र, धुकं, सगळं सांगितलं. बोट! बोटीत उलट्या मी केल्या होत्या, एडनपर्यंत. मी सांगितलेलं सगळं ह्या माणसाने स्वतःचं करून टाकलंय.
पुढच्या रांगेत काठीवाली एक बाई. तिने विचारलं, "आत काय होतं हो?"
"क्लोद्ज. बुक्स. द यूज्वल."
"कुठली बुक्स?" बिचारीला खरंच जाणून घ्यायचं होतं.
अ. नी ट्रंकेकडे बघितलं, मग माझ्याकडे. ही नजर मला पाठ आहे. पार्टीत कुणाचं नाव आठवलं नाही की, फॉर्मवर तारीख आठवली नाही की, अशीच बघते. छत्तीस वर्षं मी धावत जाते. आज नाही गेले. उभं राहू दिलं. कुणीतरी खोकलं.
मग मी उठले.
"दोन पांढरे युनिफॉर्म. चार सुती साड्या, एक इरकल. मिडवायफरीचं पुस्तक, दुसऱ्याच्या नावाचं, सेकंडहँड. बोर्नव्हिटाच्या डब्यात गोडा मसाला, त्याला आईने मेण लावलं होतं. नाडी मोजायला सेकंद-काट्याचं घड्याळ. आणि झाकणावर माझं नाव."
हे सगळं इंग्रजीत, एका दमात. आवाज वॉर्डमधला लागला.
बाई म्हणाली, "म्हणजे ट्रंक तुमची, डिअर?"
"माइन."
अ. खुर्च्या सरळ करायला लागले. लोक अजून बसलेले होते त्यांवर.
निघताना पॉलिनने एक फॉर्म हातात दिला. माहितीत दुरुस्ती. खाली दात्याच्या सहीची रेघ. आज 'अर्विन' म्हणत नव्हती.

बुध., ५ एप्रिल

फॉर्म जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीखाली. सही नाही.
"लोकांत अब्रू घेतलीस माझी."
"माझी छत्तीस वर्षं भिंतीवर टांगलीत, त्याचं काय?"
शेवटी खरं कारण बाहेर आलं. मे मध्ये धाकटा दीर बाळ येतोय, बायकोला घेऊन. पहिल्यांदाच. अ. नी त्याला फोनवर बोर्ड वाचूनसुद्धा दाखवलाय. "बाळ परत गेला की करतो सही. शपथ. त्याने आयुष्यभर मला बापाच्या जागी मानलं, गं. त्याच्यासमोर नको."
आवाज लहान मुलासारखा झाला होता. त्याचाच जास्त राग आला. मी लहान मूल दिसेन कधी कोणाला?

सोम., १७ एप्रिल

बोलणं बंद. 'जेवायला वाढलंय' आणि 'बिन बाहेर ठेवा', इतकंच. मेघा म्हणते काउन्सेलरकडे जा दोघं. मी म्हटलं, माझं डोकं ठिकाणावर आहे, त्यांना ने.
टर्पेंटाइन विकत आणलं होतं. ट्रंकेवर चालवायचं म्हणून. गॅरेजमध्ये ठेवलंय. नाही करणार. खाली नावाचं काही उरलं असेल, तर तेही त्याबरोबर निघून जाईल.

शुक्र., १२ मे

बाळभाऊजी आणि शैला आले. हीथ्रोहून आणायला मीच गेले, अ. ना मोटरवेवर आता भीती वाटते. भाऊजी अठ्ठावन्न वर्षांचे, केस पांढरे, तरी माझ्या पाया पडायला वाकले. शैलाने चटणीची पाकिटं, मेतकूट, माझ्यासाठी इरकल आणलीय. तिला कसं माहीत मला इरकल आवडते? गोड बाई.
जेवताना पहिला प्रश्न. "दादा, ट्रंक कधी दाखवतोस?"
अ. चा घास तोंडातच राहिला. मी म्हटलं, "उद्या. अकराला उघडतं."

शनि., १३ मे

आजचं सगळं लिहून ठेवते.
शेडमध्ये भाऊजींनी बोर्ड सावकाश वाचला, शैलाला मराठीत सांगितला. अ. बाहेर दुधाच्या कॅनशी उभे, आत येत नव्हते. मी ठरवून ठेवलेलं वाक्य म्हटलं. "भाऊजी, हे चूक आहे. ही ट्रंक माझी. मी आधी आले. नर्स होते मी."
भाऊजींनी चष्मा काढला. "वहिनी, ते माहीत आहे आम्हाला."
"कधीपासून?"
"पहिल्या पत्रापासून. अक्षर दादाचं नव्हतं ना. बाबा म्हणाले, सुनेचं दिसतंय. आईला तर तुम्ही नर्स ते लग्नाआधीच कळलं होतं, मिरजेच्या मावशीकडून."
"मग बोलला का नाहीत कोणी?"
"दादाचा मान होता ना. आणि तुम्ही इतकं छान सांभाळत होता."
इतकं छान सांभाळत होता.
म्हणजे सगळ्यांना माहीत. सासूबाई शेवटच्या आजारात कराडला महिनाभर माझ्या हातून औषध घेत होत्या, बेडपॅन मी दिलं, सुई मी टोचली. शेजारणीला म्हणायच्या, "ऑफिसातली असून किती हलका हात आहे." माहीत असून म्हणायच्या. एकदा, एकदा एकटं असताना तरी म्हणाल्या असत्या. मी कोणापासून लपवत होते? माझ्यापासूनच?
शैला हळूच माझा दंड धरून उभी राहिली. तिचा राग आला नाही. बाकी सगळ्यांचा आला, गेलेल्यांचासुद्धा.
अ. नी दारातून ऐकलं होतं. चेहरा पांढरा. भाऊजी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चल रे दादा, चहा घेऊ." झालं. एवढ्यात मिटलं त्यांचं. समोरच्या कॅफेच्या खिडकीतून मी बाहेरून बघत होते, अ. हसत होते. मोकळं हसत होते, कितीतरी वर्षांनी.

रवि., १४ मे

सकाळी पाहुणे झोपलेले. अ. खाली आले, मिठाची बरणी बाजूला केली, खिशातून पेन काढलं.
"दे, करतो सही."
"आज?"
"आता काय राहिलं लपवायला? सगळ्यांना माहीतच आहे."
फॉर्म मी त्यांच्या हाताखालून ओढून घेतला. कोपरा फाटला थोडा.
"काय झालं? तुला हेच पाहिजे होतं ना?"
पाहिजे होतं. बाळ यायच्या आधी पाहिजे होतं. ह्या सहीला ह्यांना काहीतरी मोजावं लागत होतं तेव्हा. आता सही म्हणजे दूधवाल्याच्या पावतीवरची सही. आणि नाही घेतली तर 'पत्नीही' तिथेच राहणार, शनि-रवि अकरा ते चार, आम्ही मेल्यावरसुद्धा.
अ. पेनाचं टोपण लावत-काढत उभे आहेत ओट्याशी. "कुसुम, सांग की. करू का नको?"
वर शैला उठल्याचा आवाज येतोय. चहाचं आधण ठेवायला हवं. फॉर्म माझ्या मांडीवर आहे, ह्याच वहीखाली.