स्प्रिंगच्या तोंडासमोर

बाबा,

आज सकाळी मी गाडीच्या पुढच्या चाकाचा स्ट्रट, स्प्रिंग आणि शॉकअपचा तो अख्खा दांडा, स्वतः उघडला. द्वारकेत, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, खाली जुनी चादर अंथरून. तुटलेली स्प्रिंग काढून नवी बसवायची होती. मेकॅनिक म्हणाला होता, "मॅडम, छोड जाओ, शाम को ले जाना." मी ऐकलं नाही. स्प्रिंग दाबायचे तुमचे दोन क्लॅम्प आईने अजून जपून ठेवलेत. त्यांचे आटे घासले, ग्रीस लावलं, स्प्रिंगच्या दोन्ही बाजूंना अडकवले आणि आळीपाळीने आवळत गेले. दाबली जाताना स्प्रिंग जराही आवाज करत नाही, त्याचीच भीती वाटते.

नववीत असताना तुम्ही मला ऑफिसच्या वर्कशॉपमध्ये नेलं होतं. अशाच दाबलेल्या स्प्रिंगवर वाकून मी विचारत होते, ही सुटली तर किती उंच उडेल? तुम्ही वेणी धरून मला मागे खेचलंत, सगळ्यांसमोर. "पुन्हा इथे पाय ठेवायचा नाही." मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्हीही समजवायला आला नाहीत. मुलगी म्हणून हाकललंत, असंच मी धरून बसले, तुम्ही गेल्यावरही.

आज स्प्रिंग स्ट्रटवर चढवली, वरची टोपी, माउंट, ठेवली. नट हातात घेते आणि एका क्लॅम्पचा आकडा बोटभर सरकतो. टक्. स्प्रिंग एका अंगाला वाकते. तेवढ्यात आई चहा घेऊन येते आणि नेमकी स्प्रिंगच्या तोंडासमोर उभी राहते. "अगं, किती वेळ चाललंय..."

"हट तिथून!" तिचा दंड धरून मी तिला खांबामागे ओढते. कप फुटतो. बहात्तर वर्षांची बाई, खांबाला धरून उभी राहते.

"अगदी त्यांच्यासारखी ओरडलीस," ती म्हणाली. मग दंड चोळत म्हणाली, "तू वर्कशॉपला गेलीस ना, त्याच्या आदल्याच महिन्यात त्यांच्या शेजारी काम करणाऱ्या माणसाचा जबडा गेला होता. स्प्रिंग सुटून. मला म्हणाले, पोरीला सांगू नकोस, घाबरेल."

तिला वर पाठवलं. बाजूला बसून, लांब पान्याने दोन्ही क्लॅम्प जरा जरा सैल करत स्प्रिंग पूर्ण मोकळी केली. आकडे नीट बसवून पुन्हा पहिल्यापासून आवळली. हात घामाने निसटत होते. शेवटी नट बसला. स्प्रिंगचं टोक खालच्या खाचेत आहे ना, हे तीनदा पाहिलं. दुपारी स्ट्रट गाडीत चढला.

सांगायला हवं होतंत, बाबा. घाबरले असते, पण इतकी वर्षं रागावून राहिले नसते.

संध्याकाळी आई म्हणाली, "चल, एक चक्कर मारू." मी म्हटलं, पेट्रोल नाही. हे कुणी वाचणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते: माझ्या हातच्या स्प्रिंगवर तिला बसवायचा धीर झाला नाही; टाकी अर्धी भरलेली आहे.