गाभा नवा, बाकी जुनंच

६ जाने., सोम. अमरावती

नव्या आवृत्तीची जुळणी तपासून झाली एकदाची. रक्तपेढ्यांसाठीचं आपलं सॉफ्टवेअर दोन तुकड्यांचं. समोर पडद्यावर दिसते तो प्रोग्राम, अन् आतला 'गाभा', जो सगळं साठवते. गाभ्यात पिशवीच्या स्थितीचे आकडे: १ आली, २ तपासणी बाकी, ३ देण्यायोग्य. मी १ अन् २ च्या मधात एक नवी स्थिती घातली, 'थंड कपाटात'. खालचे आकडे एकानं सरकले. दोन्ही तुकडे नव्यानं कंपाइल केले, म्हणजे मशीनले चालवता येतील असे बांधून घेतले, एकूणएक चालवून पाहिलं. कुठंच अडलं नाही. तपासणीच्या वहीत 'जुळते' लिहून सही ठोकली. मालक गावंडे सर खूश. मले काही चैन नाही. काहीतरी राहिल्यासारखं वाटून राहिलं, पण काय ते...

आई म्हणे, तुले तं गॅस बंद केल्यावरही तीनदा जाऊन पाहा लागते. खरं आहे.

७ जाने., मंगळ.

अकोल्याच्या पेढीत पाठवायचं होतं. तिथल्या तंत्रज्ञ इंगळेताई फोनवर: "पूर्ण टाकाले अर्धा दिवस जाते मॅडम, अन् इथं शिबिराच्या पिशव्या येऊन पडल्या. नुसता गाभा पाठवा न जी, नेहमीसारखा."

पाठवला. नेहमीसारखा. सहा वर्षं असंच करतो आपण. अर्ध्या तासात ताईचा निरोप, चालू झालं म्हणून. तरी दिवसभर फोन हातातच.

९ जाने., गुरु.

 झालं तसं लिहिते.

जेवायले बसली अन् ताईचा फोन. लय आनंदात. "नवीनवालं भल्लं फास्ट आहे जी! नमुना तपासणीले पाठवला का लगेच पिशवी देण्यायोग्य दिसते." मीही हसली. हसली! मंग घास तोंडातच राहिला. लगेच? तपासणीले चार-पाच तास लागतात.

"ताई, एकही पिशवी बाहेर जाऊ देऊ नका."

"काहून?"

काहून म्हणजे... अकोल्याचा समोरचा प्रोग्राम जुनाच आहे. तो दोन वर्षांपूर्वी कंपाइल झाला तेव्हाच '३ म्हणजे देण्यायोग्य' त्याच्यात पक्कं बसलं. नवा गाभा ३ लिहिते ते 'तपासणी बाकी'साठी. मी नव्यावर नवं तपासलं. तिथं नव्यावर जुनं चालून राहिलं. ही जोडी मी चालवून पाहिलीच नाही. नुसता गाभा जाणार हे मलेच तं माहीत होतं! अमरावतीत बसून उंटावरून शेळ्या हाकल्या. अन् पेढीतली कागदी वही बंद करा, पडद्यावर भरोसा ठेवा, हे दिवाळीत ताईले कोणी सांगतलं? मीच.

जुना गाभा परत टाकला. ताईनं पिशव्या मोजल्या. तपासणीआधीच 'देण्यायोग्य' दिसलेल्या सात. सहा कपाटात सापडल्या, बाजूले काढल्या.

एक कालच दिली गेली होती. पातूरच्या एका बाईले, बाळंतपणात लय रक्त गेलं होतं तिचं.

१० जाने., शुक्र.

त्या पिशवीच्या नमुन्याचा निकाल आला, शिबिराच्या गर्दीत रखडलेला. कावीळ, संशयित. पेढीचे डॉक्टर म्हणाले, पहिल्या चाचणीत असं चुकूनही येते, परत करू. परत म्हणजे बाहेरच्या मोठ्या लॅबमधून, रविवारी दुपारी कळणार. तोवर कसं राहायचं माणसानं?

सरांशी वाजलं. "अहवालात 'तांत्रिक बिघाड' लिही. नाव कशाले पाहिजे?" मी म्हटलं, बिघाड कशाचा सर, मशीन चांगलीच होती. माझी सही आहे वहीत. सर म्हणे, "तू एकटीच बुडशील का कंपनीले घेऊन?"  रागानं डोळ्यांत पाणी आलं तेवढं.

पेढीसाठीचा अहवाल माझ्या नावासकट लिहिला. पाठवला. सरांनी तेव्हापासून फोन उचलला नाही. कपडे आवरले, परत काढले, परत आवरले. सकाळची एसटी.

११ जाने., शनि. अकोला

मूर्तिजापूरपर्यंत उभीच आली. बसायले जागा होती, बसवेना.

पेढीत ताईचा चेहरा पडलेला. "चूक माहीच हाये मॅडम, मले कळाले पाहिजे होतं का इतल्या लवकर कसं." मी म्हटलं, ताई, तुम्ही फक्त पडद्यावरचं वाचलं.

त्या बाईच्या नवऱ्याले डॉक्टरांनी बोलावलं होतं. डॉक्टर म्हणाले, मी सांगतो. मी म्हटलं, मले सांगू द्या. व्हरांड्यात तो बाकावर बसलेला, तिशीचा असन. ताईनं माझी ओळख करून दिली, कंप्युटरचं काम पाहणाऱ्या मॅडम. तो चटकन उठला, हात जोडले. "तुमच्या कंप्युटरनं दहा मिन्टात पिशवी भेटली जी. दवाखान्यातली डॉक्टरीन म्हणे, अजून अर्धा घंटा उशीर झाला असता तं बाई गेली असती. पोरगी झाली."

त्याले खाली बसवलं. ताई खाली पाहत. मंग सांगतलं सगळं. ती पिशवी तपासणी व्हायच्या आधी गेली, चूक माझी, रक्तात कावीळ असू शकते, परत चाचणी चालू आहे. डॉक्टर म्हणाले, तिले अन् बाळाले इंजेक्शन आजच देऊ, लवकर दिलं तर बचाव होतो.

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.  मंग म्हणाला, "तपासणीसाठी थांबली असती पिशवी, तं?"

काय सांगू त्याले? खरंच माहीत नाही.

"अन् उद्या काय निघन?"

म्हटलं, उद्या दुपारी कळते.

तो इंजेक्शनं दवाखान्यात पोचवून परत आला अन् त्याच बाकावर बसला. ताई म्हणाली, घरी जा भाऊ, आम्ही फोन करतो. म्हणे, "नाई. इथंच बसतो." मीही बसली आहे, बाकाच्या दुसऱ्या टोकाले. हे तिथूनच लिहून राहिली.