सणाचा कडू पाला

आई, तो आलाय, तुझा धाकटा. अकरा वर्षांनी. पुढच्या खोलीत दुपारचा झोपलाय आणि परवा त्याचं परतीचं विमान आहे. त्याआधी त्याला एक गोष्ट सांगायला हवी, ती काही माझ्या तोंडून निघत नाही. पेसाहच्या, आपल्या यहुदी वल्हांडण सणाच्या, पहिल्या दिवशी लिहायचं नसतं हे मला ठाऊक आहे, ओरडू नकोस. तुला नाही तर कुणाला सांगू?

गोष्ट तुझ्याच खाटेपाशी घडली. तू म्हणालीस, "त्याला फोन लाव. आवाज ऐकू दे." मी परसात गेले, दोन मिनिटं सॅलडच्या पाल्याच्या वाफ्यापाशी उभी राहिले आणि आत येऊन म्हणाले, "उचलत नाही गं." मी फोन लावलाच नव्हता. तो इस्राएलला सुखात आणि तुझी उठबस मात्र मी एकटीने करायची, याचा राग होता मला. वाटलं, उद्या लावू. पहाटे तू गेलीस. आपल्यात मयत ठेवत नाहीत. तो विमानात बसायच्या आत तुला माती दिली; मग तो आलाच नाही. पोराने आईचा शेवटचा फोन उचलला नाही, असं नातेवाईक आजही म्हणतात. मी ऐकून घेते आणि चहा टाकायला उठते.

यंदा सणाला येतो म्हणाला, तेव्हा डिसेंबरात मी सॅलड पेरलं. तुझ्यासारखंच, बी नुसतं भुरभुरून, वर चिमूटभर माती. खुडताना तुझा ओरडा अजून ऐकू येतो: "उपटतेस काय? बाहेरची पानं घे, गाभ्याला हात लावू नकोस!" मार्चात पनवेलचं ऊन तापलं तसे मधून दांडे वर आले, पान तोडलं की पांढरा चीक. शेजारची मावशी कुंपणावरून म्हणते, "अगो, यो पाला आता नाय खायाचा. कडू झाला हाय. टाक उपटून." तिला म्हटलं, मावशी, आम्हाला कडूच लागतो. मिसरातली आमच्या पूर्वजांची गुलामी सणाला आठवायची ती काय गोड पाल्याने? ती हसली, पण मी रोज सकाळी पान चाखत होते आणि सणाला किती दिवस उरले ते मोजत होते.

काल संध्याकाळी सणाचं ताट मांडलं. सगळ्यांत जून पान मी त्याच्यापुढे ठेवलं. तो तोंड वाकडं करील, मी हसेन आणि हसता हसता सांगून टाकीन, असं ठरवलं होतं. त्याने सावकाश चावलं. मग म्हणाला, "ताई, त्या दिवशी..." चोराच्या मनात चांदणं; वाटलं, याला कळलं. "त्या दिवशी माझा फोनच बिघडला असणार. मिस्ड कॉलसुद्धा दिसला नाही गं. आईला काय वाटलं असेल?"

"काही नाही," मी म्हणाले. "ती झोपेत होती."

त्याचे डोळे भरले. म्हणाला, "आणखी एक पान दे." मी दिलं, आई.

आता पुढच्या खोलीत खाट वाजली. तो उठून चहा मागेल. हे पत्र त्याच्या उशाशी ठेवावं असं मघापासून मनात येतंय, पण मी ते तांदळाच्या डब्यात टाकणार, मला माहीत आहे. आणि एक राहिलं. वाफ्यात एक रोप सावलीतलं होतं, अजून कोवळं. त्याची गोड पानं काल मी माझ्या ताटात घेतली.