दाजी, बर्फगाडीला खिळे किती लावावेत?

मुक्काम होक्काइदो,
८ फेब्रुवारी १९९६

तीर्थरूप दाजी,

वाकून नमस्कार करणार होतो, पण अंगात दोन स्वेटर, वर कोट आणि खाली तीन पायजमे असल्यामुळे कमरेतून वाकणं बंद झालं आहे. उभ्यानेच केलेला हा नमस्कार गोड मानून घ्या. तुमची पाठ कशी आहे? टायर उचलायला माणूस ठेवलात का? (नसेलच ठेवला.) दुकानातला टायर रिमोल्डिंगचा बॉयलर नीट चालतो ना? चि. दीप्तीचं सातच्या पाढ्याशी भांडण मिटलं की कोर्टात गेलं? मी ठीक आहे. इथे सकाळी उणे अठरा असतं, त्यामुळे मिशीवर बर्फ धरतो आणि मी आहे त्यापेक्षा पोक्त दिसतो.

गेल्या वेळी इचलकरंजीहून निघालो, त्यानंतरचं हे माझं पहिलंच पत्र. उशिराबद्दल पुढे लिहीन. आधी टायरचं लिहितो, कारण तुमचा सल्ला हवा आहे.

झालं असं, की कंपनीने मला योकोहामाच्या ऑफिसातून उचलून दोन महिन्यांसाठी इथे, पार उत्तरेला, एका लहानशा गावात आणून टाकलं आहे. गावात कुदो-सान म्हणून अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ आहेत. उन्हाळ्यात ट्रॅक्टर विकतात, हिवाळ्यात बर्फगाड्या. त्यांच्या दुकानातले सुटे भाग कॉम्प्युटरवर चढवून द्यायचे, एवढंच माझं काम. (कुदो-सानांना कॉम्प्युटर नको होता. त्यांच्या जावयाला हवा होता. जावई सापोरोला राहतो आणि मी इथे, हा न्याय.) बर्फगाडी म्हणजे काय, तर पुढे दोन घसरपट्ट्या, त्यांना हँडल जोडलेलं, आणि मागे चाकांऐवजी रणगाड्याला असतो तसा रुंद पट्टा, पण रबराचा. स्कूटरसारखं वर बसायचं आणि ज्या देवावर श्रद्धा असेल त्याचं नाव घ्यायचं.

कुदो-सानांना एक थोरली बहीण आहे, मित्सुए-सान, वय चौऱ्याहत्तर. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, तरी गावापासून चार किलोमीटर वर, जंगलातल्या घरात एकट्या राहतात. हिवाळ्यात तो रस्ता कुणी साफ करत नाही. गावच्या ऑफिसातली माणसं त्यांना खाली आणायला तयार आहेत, त्या खाली यायला तयार नाहीत. म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी कुदो-सान बर्फगाडीवरून त्यांना शेगडीचं रॉकेल, तांदूळ, टोफू आणि वर्तमानपत्रं पोचवतात. मी आल्यावर माझं जपानी सुधारावं म्हणून मलाही मागे बसवू लागले. (सुधारलं नाही. हेल्मेटातून ऐकूच येत नाही.)

जानेवारीच्या मध्यावर अचानक दिवसभर पाऊस पडला आणि रात्रीत सगळं गोठलं. सकाळी रस्ता म्हणजे पॉलिश केलेली शहाबादी फरशी. तरी आम्ही निघालो. ओढ्याच्या पुलानंतर चढ लागतो, तिथे मागचा पट्टा जागच्या जागी फिरायला लागला. कुदो-सानांच्या गाडीचा पट्टा भुसभुशीत बर्फासाठीचा, दोन-दोन इंच लांब रबरी दातांचा. कठीण बर्फावर ते दात नुसते दुमडत होते. मग गाडी मागे यायला लागली. कुदो-सान त्या वयात उडी मारून उतरले. मी विचार करत बसलो, त्यामुळे गाडीबरोबर मागे गेलो, अगदी सावकाश, एखाद्या पाहुण्याला दारापर्यंत पोचवावं तसा, आणि एका झाडाला पाठ टेकून थांबलो. लागलं नाही. पण रॉकेलचा कॅन माझ्या एकुलत्या एका कोटावर सांडला आणि तेव्हापासून मी जेवायला बसलो की शेजारचा सिगारेट विझवतो.

चालत जावं म्हटलं तर कुदो-सानांचा गुडघा गेलेला. मी वीस लिटरचा कॅन घेऊन निघालो आणि चाळीस पावलांत तीनदा पडलो. मित्सुए-सानांशी रोज फोनवर बोलणं व्हायचं. त्या म्हणायच्या, रॉकेल भरपूर आहे, येऊ नका. कुदो-सान फोन ठेवायचे आणि खिडकीतून त्या रस्त्याकडे बघत राहायचे.

आता माझा पराक्रम ऐका. दुकानाच्या माळ्यावर मोटारीच्या टायरात ठोकायच्या खिळ्यांची खोकी पडून होती. (डांबर उखडून धूळ उडते म्हणून मोटारींना तसले टायर लावायला आता बंदी आहे.) मी म्हटलं, हेच पट्ट्यात ठोकू, इचलकरंजीत माझे दाजी टायरवाले आहेत. तुमच्या नावावर त्यांनी विश्वास ठेवला. दुपारभर ठोकले. संध्याकाळी दुकानातच गाडीचं मागचं अंग उचलून पट्टा फिरवला, आणि दाजी, एकही खिळा आत राहिला नाही. एकाने भिंतीवरच्या कॅलेंडरातला जानेवारी फाडला, एकाने थर्मास फोडला, बाकीच्यांची मोजदाद झाली नाही कारण आम्ही दोघं ट्रॅक्टरच्या मागे पालथे होतो. शांत झाल्यावर कुदो-सान उठले, टोपी झटकली आणि म्हणाले, "नारुहोदो." म्हणजे, असं होय. तुमच्या नावाला बट्टा लावल्याबद्दल क्षमा असावी. टायरच्या जाड रबरातला खिळा पट्ट्याच्या पातळ रबरात धरत नाही, हे मला तिथे पालथं पडल्यावर सुचलं.

मग त्यांनी कॅनडाचा इंग्रजी कॅटलॉग माझ्यासमोर ठेवला. पट्ट्यांची बावीस पानं, खिळ्यांची चौदा. त्यांना इंग्रजी येत नाही, मला गाडी येत नाही. दोन दिवस मी नुसता वाचत होतो. दात लांब की आखूड, खिळे अठ्ठेचाळीस, शहाण्णव की दीडशे, साध्या टोकाचे की कार्बाइडचे, म्हणजे पोलादाहून टणक. तेव्हा तुमची आठवण झाली. ट्रकवाले झिजलेले टायर घेऊन यायचे, म्हणायचे, "दाजी, चांगली नक्षी टाका," आणि तुम्ही म्हणायचात, "आधी रस्ता सांग, नक्षी मी सांगतो." मी कुदो-सानांना म्हटलं, आपण रस्ता बघू. काठीला खिळा बांधून आम्ही पुलापर्यंत ठिकठिकाणी टोचत गेलो. वर बोटभर भुगा, खाली सगळीकडे टणक बर्फ. मग कोडं सुटत गेलं. आखूड दातांचा पट्टा घ्यायचा, पाऊण इंची, म्हणजे दात दुमडत नाहीत. खिळ्याचं टोक दातापेक्षा पाव इंचच वर ठेवायचं. जास्त ठेवलं तर पट्ट्याच्या वरचा गाडीचा पत्रा फाडतं, कमी ठेवलं तर बर्फाला लागतच नाही. खिळे शहाण्णव, टोकाला कार्बाइड, पट्ट्याला आतून बाहेर आरपार काढलेले आणि बाहेरून चकती लावून नटाने आवळलेले. आणि ते एका रांगेत लावायचे नाहीत. एकाने पाडलेल्या चरीत दुसरा पडला, तर त्याला धरायला काही उरत नाही. प्रत्येकाने आपला ओरखडा आपणच काढायचा.

सापोरोहून माल यायला सहा दिवस लागले. भोकं आम्ही हाताने पाडली. मी शहाण्णव नट आवळले आणि मला माझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीत प्रथमच काही तथ्य वाटलं. चाचणीला मीच बसलो. पकड अशी, की गाडी बाणासारखी सुटली. फक्त वळेना. मागचे खिळे ढकलतात जोरात, पुढच्या घसरपट्ट्या गुळगुळीत. हँडल पूर्ण उजवीकडे आणि गाडी सरळ. पोस्टासमोर रचलेल्या बर्फाच्या ढिगात मी छातीपर्यंत गेलो. पोस्टातल्या बाई बाहेर आल्या, मला ओढून काढलं, आणि आलाच आहात तर तुमचं पत्र आलंय म्हणून आईचं पत्र हातात ठेवलं. (त्या पत्राबद्दल पुढे.) मागची पकड वाढवली की पुढचीही वाढवावी लागते, हे कॅटलॉगात तेहतिसाव्या पानावर होतं. मी एकतिसाव्यावर थांबलो होतो. मग घसरपट्ट्यांखाली कार्बाइडच्या धारेच्या सळ्या बसवल्या.

अकराव्या दिवशी, सकाळी दहा वाजता, आम्ही वर पोचलो. त्या चढावर गाडी जराही डगमगली नाही. मित्सुए-सान दारात उभ्या होत्या, अंगावर दोन रजया. शेगडीची टाकी कोरडी ठणठणीत. तीन दिवसांपासून रॉकेल संपलं होतं आणि बाई फोनवर भरपूर आहे म्हणून सांगत होत्या. कुदो-सानांनी टाकीत डोकावून बघितलं आणि काही बोलणार, एवढ्यात त्याच सुरू झाल्या. "एवढा उशीर? अकरा दिवस? बाबा असते तर काय म्हणाले असते?" अडुसष्ट वर्षांचा तो माणूस टोपी हातात घेऊन, मान खाली घालून, बर्फात उभा होता आणि नाक पुसत होता.

दाजी, मला त्या माणसाचा हेवा वाटला. उशीर झाला म्हणून रागवायला त्याची बहीण शिल्लक होती.

ताई मला फोनवर सांगायची, काही नाही रे, जरा पित्त झालंय, तू काम सोडून येऊ नकोस. मलाही ते ऐकायला सोयीचं होतं, काम संपत आलं होतं. मी पोचलो तेव्हा तेरावा होऊन दोन दिवस झाले होते. तुम्ही स्टँडवर घ्यायला आलात आणि माझी बॅग उचलायला लागलात. मी ती सोडेना, तुम्ही सोडेना, रिक्षावाला बघत राहिला. "का आला नाहीस" असं एकदा तुम्ही म्हणाला असतात तर मला बरं वाटलं असतं. तुम्ही विचारलंत, "जेवलास का?" त्या आठ दिवसांत मला रडू आलं नाही. दीप्ती मला म्हणाली, मामा, तू ऑफिसला आल्यासारखा बसतोस.

ते रडू मित्सुए-सानांच्या घरी आलं, चहा घेताना. त्यांना वाटलं चहा फार कढत आहे, म्हणून त्यांनी गार पाणी ओतलं. मग वाटलं लोणचं लागलं. शेवटी कुदो-सानांनी हळूच काहीतरी सांगितलं. (त्यांना मी कधी सांगितलं होतं, मला आठवत नाही.) बाईंनी नाव विचारलं. स्वरूपा म्हणालो. त्यांच्या तोंडून ते "सुवारूपा" असं आलं. नवऱ्याच्या तसबिरीपुढे त्या रोज एक पेला चहा ठेवतात, त्याच्या शेजारी त्यांनी दुसरा पेला ठेवला. साखर किती, विचारलं. मी दोन चमचे म्हणालो. जपानी चहात साखर घालत नाहीत, दाजी. त्या बाईंनी घातली.

इथे थांबतो. बोटं आखडली आहेत. पाठीला शेक घेत जा. दीप्तीला सांगा, सात सत्ते मलाही उशिरा आले.

तुमचा,
अवधूत

ता. क. सल्ला हवा म्हणून लिहितोय असं वर म्हटलं, पण गाडी तर चालू झाली, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. खरं कारण आईचं पत्र. तिने मिरजेच्या अनुराधाबाईंचं स्थळ तुमच्यासाठी बघितलंय. शाळेत शिकवतात, छत्तीस वर्षांच्या आहेत, आई स्वतः जाऊन भेटून आली. जावयाला हे सांगायला तिची जीभ उचलत नाही, म्हणून तिने ते माझ्यावर सोपवलं. पहिल्याच ओळीत लिही, असं बजावलं होतं.

ता. क. दुसरा. पटवायला मुद्दे काढले होते. दीप्तीला आई हवी, असं लिहिलं आणि खोडलं. तिला तिचीच आई हवी आहे. तुम्ही रात्री चहा-पावावर राहता, असं शेजारच्या सिंधूकाकू सांगतात, तेही खोडलं. ते तुम्हाला माहीत आहे. खरं सांगायचं तर दोन आठवडे मी पत्र टाळलं, कारण तुम्ही हो म्हणालात तर त्या घरात माझं काय नातं उरेल, ते मला कळेना. हा माझा स्वार्थ. त्यात तुम्ही अडकू नका. लग्न करा, दाजी. पण आधी दीप्तीशी बोला, आणि ती रागावली तर रागावू द्या.

ता. क. शेवटचा. अनुराधाबाईंना भाऊ आहे का, तेवढं विचाराल? असला तरी हरकत नाही. भाऊबीजेला मी त्याच्यानंतर पाटावर बसेन.