रिलीजची साडी

३ फेब्रु.
तळोज्याहून घरी आले तर दादा दारात. हातात वकिलाचे कागद आणि साडीची पिशवी. विचुंब्याचं घर बिल्डरला द्यायचंय, बहिणींचा रिलीज, म्हणजे हक्कसोड, हवा. "गावात सगल्या बहिनी सही करतात, तुलाच काय झालं?" सही झाली की भाऊ साडी देणार, वहिनी ओटी भरणार, मग मटणाचं जेवण. आमच्याकडची रीत. साडी उघडून दाखवली. मोरपंखी, लाल काठ. "ताईला पन अशीच घेतलीय." म्हटलं, नव्या बिल्डिंगीत आईची खोली आधी कागदावर आण. चहा न घेता गेला. साडीही नेली.

४ फेब्रु.
ताईला फोन. खोली लिहून मिळेपर्यंत दोघींनी सही करायची नाही, हे गणपतीतच ठरलंय. "मी तुज्यासंग हाय," म्हणाली. जीव भांड्यात पडला.

६ फेब्रु.
दिवसभर रिलीजच. कंपनीत रिलीज म्हणजे तपासून, खात्री करून माल सोडणं. खाली माझी सही, ती मी कुणाच्या शब्दावर करत नाही. ताईच्या मुलाला जुनी कंपनी रिलीज देईना, तो कावलाय. फिजिओवाली मानेत अंगठा रोवून म्हणते, रिलीज करा मॅडम. सगळीकडे ज्याचा रिलीज, तो मोकळा होतो. वकिलाच्या रिलीजमध्ये मोकळा होणार दादा. आम्ही फक्त परक्या होणार.

८ फेब्रु.
पळस्प्याला नात्यातला साखरपुडा. ताई आली, मोरपंखी साडीत. लाल काठ. बघतच राहिले. बाजूला घेऊन विचारलं. "मागच्या आठवड्यात केली सही. घरात कटकट नको." म्हणजे त्या दिवशी फोनवर बोलली तेव्हा... सख्खी बहीण! पानावरून उठले. रिक्षात रडले. दुःखापेक्षा राग जास्त.

९ फेब्रु.
आईला सगळं सांगितलं. वाटलं, ताईवर भडकेल. "मला म्हाईत हाय. मीच सांगितलं तिला." का गं? "तुमी अडून बसल्या का त्यो माज्याशी बोलत नाय. खोली मिलाली आनि कोनी बोलायलाच नाय, तर खोली काय चाटू? तू पन कर सही, बाय."
जिच्यासाठी सगळ्यांशी वाईटपणा घेतला, तीच तिकडे. कुणापुढे बोलणार?

११ फेब्रु.
उद्या दादाने सहीला रजिस्ट्रार कचेरीत बोलावलंय. रजा टाकलीय. जाणार का, माहीत नाही. आईचे दोनदा फोन आले. उचलले नाहीत. असं आजवर कधी केलं नव्हतं.