दोघांनी उघडायची गाडी

१४ जाने. १९६१, आर्णी
बाजारात गाडी उघडायला आजही उशीर. शेजारचे बांगडीवाले कासिमभाई एका पोरीच्या हातात बांगड्या चढवत होते. अर्ध्या मनगटावर हात सोडता येत नाही, म्हणून मी बंद गाडीजवळ उभी राहिले. दोन बाया पोलकी शिवायला आल्या, थांबून थांबून दुसऱ्या शिंप्याकडे गेल्या.
ह्यांनी बैलगाडीचं हे फिरतं शिवणाचं दुकान केलं तेव्हा आम्ही दोघं होतो. बाजूच्या फळ्या खाली पाडल्या की ओटा होतो, त्यावर माझं शिलाई मशीन. तेवढं एकटीला जमतं. पण पुढचा आणि मागचा खांब एकाच वेळी उभा करायचा आणि वरचा बांबू दोन्हीकडून एकदम खोबणीत बसवायचा, मग त्यावर ताडपत्री. एक टोक आधी ठेवलं की दुसरं डोक्यात पडतं. ते पुढे, मी मागे. ते "हूं" म्हणायचे की मी उचलायची. बस.
त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. "हूं" म्हणायला रोज कोणीतरी शोधते.

१९ जाने.
शांता आणि जावई यवतमाळहून आले. शांता बोलत राहिली, जावई चहा पीत राहिले.
"माय, रोज कोणाकोणाले हात लावाले बोलावशील तू? लोकं तोंडावर नाही म्हनत नाहीत, म्हनून काय झालं?"
"कासिमभाई कधी नाही म्हनत नाहीत."
"अन् कासिमभाई ज्या दिवशी नसतील त्या दिवशी?"
शेवटी ठरलं असं: पाडव्यापर्यंत गाडी मला एकटीने उघडता आली तर ठीक. नाही तर गाडी विकायची आणि मशीन घेऊन यवतमाळला तिच्याकडे. मीच कबूल केलं. रागात.
जावई जाताना म्हणाले, रबरी टायरची चाकं बसवा, गाडी हलकी चालेल. चालण्याचं दुखणं नाही, हे त्यांना कोण सांगणार. बैल चालतो की.

२२ जाने.
सुधारणा सांगणाऱ्यांची कमी नाही. कासिमभाई म्हणतात गाडीला आरसा लावा, बाया आपोआप थांबतात. चहावाला म्हणतो ताडपत्री काढून टीनच टाका. किसनभाऊजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, सुतारच आहेत. ते म्हणतात, कशालाच हात लावू नका. "दादाच्या हातचं हाय वयनी. त्यात काय सुधारता?"

३ फेब्रु., दारव्ह्याच्या रस्त्यावर
बैल चिंचेखाली बसवला आहे. लिहिते.
ह्याच रस्त्यावर वाचायला शिकले. मैलाचे दगड आधी. मग दुकानांच्या पाट्या, मग कापडाला गुंडाळून आलेले वर्तमानपत्राचे तुकडे. गाडी इतकी सावकाश चालते की एक पाटी अक्षर अक्षर लावून होईपर्यंत समोरच असते. ह्यांना वाचता येत नव्हतं. मी अडखळले की म्हणायचे, "थांब, बैल हळू करतो." आणि खरंच करायचे.
नागपूरहून दीक्षा घेऊन आलो त्या वर्षी मी त्यांना पहिलं अख्खं पान वाचून दाखवलं. चुका किती केल्या कोण जाणे. ते म्हणाले, बरोबर वाचलंस. त्यांना काय कळणार होतं! तरी बरं वाटलं होतं.

९ फेब्रु.
आज लेंग्यात नाडी घालताना सुचलं. नाडीचं एक टोक ओढलं की सगळा नेफा सोबत सरकतो, दुसऱ्या टोकाला कोणी बसावं लागत नाही.
खांब खोबणीत उभे करायचे कशाला? बुडाशी बिजागरी लावून गाडीत आडवे झोपवायचे. बांबू दोन्ही खांबांच्या डोक्याला कायमचा बांधून टाकायचा. ताडपत्रीला मधोमध नेफा शिवायचा आणि बांबू त्यात घालायचा, म्हणजे तीही जागची हलणार नाही. पुढच्या खांबाला दोर बांधून विहिरीच्या गडगडीवरून ओढला तर पुढचा खांब उठेल, आणि बांबू मागच्याला सोबत उठवेल.
काड्या आणि दोऱ्याचं करून पाहिलं. उठलं. तीनदा उठलं. हसू आलं, सांगायला कोणी नव्हतं.

१२ फेब्रु.
किसनभाऊजींना काड्या दाखवल्या. बराच वेळ उठवून पाडून पाहिलं त्यांनी.
"जमते," म्हणाले. मग काड्या खाली ठेवत, "पन खांबाचं बूड कापा लागन."
"कापा."
"दादानं सागाची अख्खी बल्ली निवडून आणली होती. मी होतो सोबत."
"मी बी होती, भाऊजी."
करवत त्यांनी घरून आणली नव्हती. उद्या आणतो म्हणाले.

१७ फेब्रु.
पाच दिवसांनी आणली. कापताना मी बाहेर जाऊन बसले. कापलेले दोन तुकडे भाऊजींनी चुलीकडे टाकले नाहीत, मीही नाही. पलंगाखाली आहेत.

२६ फेब्रु.
ताडपत्रीचा नेफा घालून झाला. चार सुया मोडल्या. दोर सुताचा घेतला, नवा, पांढरा. काथ्याचा हाताला सोलतो.

१ मार्च, आर्णी
एकटीने उघडली! पहिल्यांदा मध्येच अडकली, दुसऱ्यांदा सरळ वर. चहावाल्याने टाळ्या वाजवल्या. कासिमभाईंना उठावंच लागलं नाही. शांतेला पत्र टाकलं, गाडी उघडते म्हणून. जरा मोठ्या अक्षरात लिहिलं.

५ मार्च, दारव्हा
दुपारी अवकाळी पाऊस. कापड आत घेऊन गाडी मिटायला गेले तर दोर सुटेना. सुताचा नवा दोर भिजून आखडला, गाठ दगडासारखी. खांब पुढे ओढला जात होता, मागून वारा ताडपत्रीला ढकलत होता. कासिमभाई धावत आले, "कैची दो, बहन, कैची!" माझी शिवणाची कात्री दिली. दोर तुटायच्या आधी पुढचा खांब बिजागरीजवळ तडकला. आवाज ऐकू आला मला, पावसातही.
मांजरपाट घेऊन कोणी आलं की माझा पहिला प्रश्न असतो, कापड भिजवून आणलं का? न भिजवलेल्या कापडाला मी कात्री लावत नाही. पंधरा वर्षं लोकांना हेच सांगत आले. आणि स्वतःचा दोर दुकानातून आणला तसा बांधला.

६ मार्च
खांब जमिनीवर ठेवला आहे. चीर टीचभर. भरीव साग, गाठ नसलेला, त्यांनी हात फिरवून फिरवून घेतलेला. हात लावायला नको होता.

११ मार्च
बाजार बुडवला. शांतेचं पत्र: 'गाडी उघडते वाचून आनंद झाला. तरी पाडव्याला येतोच. तुझी खोली आवरून ठेवली आहे, खिडकी पूर्वेला आहे.' माझं पत्र तिच्या हातात पडलं असेल त्याच सुमारास इकडे गाडी मोडली. तिला कळवलं नाही.
खोली आवरून ठेवली, हे चांगलंच आहे. रडू मात्र आलं.

१२ मार्च
किसनभाऊजी आले, खांब उलटा सुलटा केला. मला वाटलं आता बोलणार, सांगितलं होतं ना म्हणून.
"दादा असता तर त्यानं बी पट्टीच मारली असती," म्हणाले.
"दादानं कापलाच नसता."
"वयनी, दादाच्या किती वस्तू मोडल्या हायेत मले इचारा. पह्यला जो पाळणा केला शांतेसाठी, तो पोरीसकट खाली आलता. तुमाले सांगितलं नाही आमी. तुमी पाण्याले गेलत्या."
एवढी वर्षं मला माहीत नव्हतं! शांतेच्या कपाळावरचा व्रण दाराच्या उंबरठ्याचा, असं सांगितलं होतं मला. दोघेही मेले खोटारडे. खूप वेळ हसलो. मग भाऊजींनी डोळे पुसले, आणि खांब लोहाराकडे घेऊन गेले.

१४ मार्च
खांबाला लोखंडी पट्टी बसली. खांब आता अर्धा ह्यांचा, अर्धा लोहाराचा. नवा दोर दोन दिवस घंगाळात भिजवून वाळवते आहे. शेजारीण विचारते, दोराची कढी करता काय?

१८ मार्च, आर्णी
कालच पाडवा झाला. शांता आली होती. अंगणात तिच्यासमोर एकटीने गाडी उघडली, एकटीने मिटली, दोरावर तांब्याभर पाणी ओतून पुन्हा उघडली. जावई म्हणाले, वा. शांता पट्टीवर बोट फिरवत होती. जाताना म्हणाली, "बरं. जिंकली तू." मग म्हणाली, "तरी खोली तशीच ठेवतो मी."
आज बाजारात गेल्या गेल्या गाडी उघडली. कासिमभाई उठून निघालेच होते, हात अर्धे पुढे केलेले. वर पाहिलं, थांबले.
"लो! अब हमारी छुट्टी."
"बसा तुमी."
बसले ते. हे गेल्यावर सुरुवातीचं वर्षभर मी दिसले की बांगड्यांच्या पेटीचं झाकण लावून घ्यायचे, मला वाईट वाटेल म्हणून. मग रोज हात लावायला येता येता ते सुटलं. घरचं विचारायचे, लेकीचं सांगायचे. तेवढाच वेळ, बांबू खोबणीत बसेपर्यंत. आज दिवसभरात गिऱ्हाईक सोडून माझ्या बाजूला कोणी आलं नाही. शिलाई मात्र खूप झाली. सात पोलकी.
मला गाडी हवी होती म्हणून यवतमाळ नको होतं, की यवतमाळ नको म्हणून गाडी, हे आज मशीन चालवताना विचारलं स्वतःला. अटीपायी विचारायचं राहून गेलं होतं. पूर्वेची खिडकी डोळ्यांसमोर येत होती.
उन्हं उतरताना कासिमभाईंनी पेट्या बांधल्या आणि लांबूनच ओरडून विचारलं, "बहन, दारव्ह्याले येऊन राह्यल्या ना?"
"येऊन राह्यली," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. दारव्ह्याचं सांगितलं, पुढच्या महिन्याचं कोणी विचारलं नाही.
शांतेला कार्ड लिहायला घेतलं आहे. 'प्रिय शांता, तू खोली' एवढं झालं.